मलेरियाच्या लॅबमध्ये नवीन आहात? आधी लाल पेशी नीट बघा

मलेरियाच्या लॅबमध्ये प्रोजेक्टला नाहीतर पीएचडीला आलेली पोरं पहिल्याच आठवड्यात प्रोटीनची नावं पाठ करायला बसतात आणि वैतागतात. माझं ऐकाल तर आधी जिम्सा (पॅरासाइट दिसावा म्हणून रक्ताला द्यायचा रंग) केलेल्या स्लाइड भरपूर बघा. फाल्सिपेरम या मलेरियाच्या पॅरासाइटची लाल पेशीतली सायकल ४८ तासांची, रिंग (कोवळा), ट्रोफोझोइट (वाढणारा), शायझोंट (विभागणारा) हे टप्पे डोळ्यांना ओळखता आले पाहिजेत, काळपट पिगमेंट दिसायला लागलं की समजायचं हिमोग्लोबिन खाणं जोरात चालू आहे.

मग सॉर्बिटॉल, म्हणजे साखरेसारखं एक रसायन, सगळे पॅरासाइट एकाच वयाचे ठेवायला वापरतात. नवीन माणसाला हे काम लवकर मिळतं आणि सगळे ते यांत्रिकपणे करतात, पण खरी मजा इथेच आहे! साध्या लाल पेशीत सॉर्बिटॉल फारसं शिरत नाही, रिंग असलेल्या पेशीतही नाही, पण पॅरासाइट मोठा झाला की तो पेशीच्या पडद्यातून नवीन वाटा उघडतो, त्याला बाहेरून पोषण हवं असतं ना, आणि त्याच वाटांनी ५ टक्के सॉर्बिटॉल आत जातं, मागोमाग पाणी, आणि पेशी फुटते. ३७ डिग्रीला दहा मिनिटं ठेवून स्पिन केलं की वरचं पाणी लालसर दिसतं आणि स्लाइडवर जवळपास फक्त रिंग उरतात. म्हणजे पॅरासाइटने पेशी किती बदलली ते तुम्ही स्वतःच्या हाताने बघितलंत.

लाल पेशीला न्यूक्लियस नाही, नवीन प्रोटीन बनवायची सोय नाही, त्यामुळे रिकाम्या घरात भाडेकरूने स्वतःच वायरिंग करून घ्यावं तसं पॅरासाइटला सगळं स्वतः बनवून बाहेर पाठवावं लागतं. पेशीवर बारीक उंचवटे येतात, त्यांना नॉब म्हणतात, ते साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसतात. त्यांच्यावर पीएफईएमपी१ नावाचं पॅरासाइटचं चिकट प्रोटीन बसतं आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते, प्लीहेत जाऊन गाळली जायचं टळतं. म्हणून पेशंटच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्तात) बहुतेक रिंगच दिसतात, मोठे पॅरासाइट आतल्या अवयवांत अडकलेले असतात, मेंदूच्या बारीक वाहिन्यांत अडकले तर जिवावर बेततं. त्यामुळे स्मिअरमध्ये पॅरासाइट कमी दिसले म्हणजे आजार सौम्य, असं कधीही समजू नका.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, कल्चर (लॅबमध्ये वाढवलेले पॅरासाइट) फार दिवस चाललं की नॉब गायब होऊ शकतात. चिकटण्यावर काम असेल तर मधूनमधून जिलेटिन फ्लोटेशन करा, म्हणजे पेशी जिलेटिनच्या द्रावणात उभ्या ठेवा, नॉबवाल्या मोठ्या स्टेज वर राहतात, बाकीचं खाली बसतं, वरचा थर घ्यायचा आणि पुढे वाढवायचा.