दूध फाटू न देता घरच्या घरी फळांचा ग्रीन टी लाटे

ठाण्यात घोडबंदर रोडला काय किंवा वाशी-सीवूड्सला काय, कॅफेच्या मेनूत आता स्ट्रॉबेरी माचा लाटे, म्हणजे फळ, दूध आणि ग्रीन टीच्या पुडीचं थंड पेय, असतोच. उंच ग्लासात तळाला लाल, मध्ये पांढरं, वर हिरवं, आणि बिल अडीचशे-तीनशेच्या घरात. घरी करायला सामान फारसं लागत नाही. तरीही बऱ्याच जणांचं दूध तरी फाटतं, नाहीतर पहिलाच घोट कडू लागतो. दूध फाटतं ते फळाच्या आंबटपणाने आणि कडवटपणा येतो तो फार गरम पाण्यामुळे. एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकी सगळा आपापल्या आवडीचा मामला आहे.

चहा कोणता घ्यायचा

माचा ही ग्रीन टीचीच पूड, पण घरातली ग्रीन टीची पानं मिक्सरला फिरवून माचा होत नाही. जपानमध्ये तोडणीच्या आधी साधारण तीन आठवडे चहाची झुडपं झाकून सावलीत ठेवतात. मग पानं वाफवून वाळवायची, देठ-शिरा काढायच्या आणि उरलेलं दगडी जात्यावर दळायचं. एका जात्यावर तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पूड निघते. भाव चढा असतो तो त्यामुळे. उजी आणि निशिओ ही तिथली नावाजलेली ठिकाणं.

लाटेसाठी दुकानातला सगळ्यात महागडा डबा घेऊ नका. ‘सेरेमोनियल’ म्हणून विकला जाणारा माचा नुसत्या पाण्यात फेटून पिण्यासाठी असतो. दूध, साखर आणि स्ट्रॉबेरीपुढे त्याची नाजूक चव कुठल्या कुठे जाते. मधल्या प्रतीचा पुरतो. रंग मात्र बघून घ्या. पूड हिरवीगार हवी. पिवळट, खाकी दिसली तर ती जुनी झालेली आहे. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरंही वाचा, कारण काही पाकिटांत साखर आणि दूध पावडर आधीच मिसळलेली असते आणि आपण भाव माचाचा मोजतो.

माचा नसला तरी अडत नाही. आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरीची सुटी ग्रीन टी चालते. तिचा हिरवा थर दिसणार नाही, रंग फिकट पिवळसर येईल, पण चव चांगली उतरते. टी-बॅग मात्र लाटेला कमी पडते. एक बॅग कपभर दुधात बुडवली की हाती येतं ते हिरवट वासाचं दूध.

फळ मोसमाचं

हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते आणि साधारण मार्चपर्यंत टिकते. ठाण्यात जांभळी नाक्याला किंवा गावदेवीच्या मंडईत डबी घेताना ती उलटी करून तळ बघा. वरच्या ओळीतली फळं नेहमीच देखणी असतात. तळाच्या कागदाला लाल ओल धरली असेल तर खालची दबलेली आहेत. देठाजवळ पांढरा पट्टा राहिलेली स्ट्रॉबेरी दिसायला टवटवीत, पण चवीला आंबट निघते, आणि आपल्याला इथे आंबटपणाशीच सांभाळून वागायचं आहे. किंचित मऊ पडलेली, गडद लाल फळं या कामाला उत्तम. ती स्वस्तही मिळतात.

वाशीच्या एपीएमसी फळबाजारात घाऊक माल मिळतो. दोन माणसांच्या घराला तो परवडायचा नाही, पण सोसायटीतल्या चार घरांनी मिळून एक खोकं आणलं तर हिशेब जमतो.

एप्रिल-मे हापूसचा. लाटेसाठी मला तो स्ट्रॉबेरीपेक्षा सरस वाटतो, कारण पिकलेल्या हापूसात आंबटपणा बेताचा असतो आणि माचाच्या किंचित तुरट चवीला तो छान मऊ करतो. जून सुरू होताना लिची घ्या. पाऊस ओसरल्यावर सीताफळ येतं. त्याला आंबटपणा जवळजवळ नाहीच, दूध फाटायची भीती नाही. बिया काढायचा कंटाळा मात्र स्वतःचा स्वतः सोसायचा. गुलाबी पेरूही चालतो, गाळून घेतला तर.

काही फळं टाळलेली बरी. जांभूळ मुळातच तुरट, ग्रीन टीही तुरट. दोन्ही मिळून तोंड आवळून जातं. चिकूचा मातकट गोडवा माचाच्या हिरव्या वासाशी जुळत नाही. अननस आणि किवी कच्चे घालू नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) असतात आणि त्यांनी दूध थोड्या वेळात कडू होतं. चार-पाच मिनिटं उकळी दिली की ती विकरं निकामी होतात, म्हणून शिजवलेला अननस चालतो. कोकम दुधाच्या जवळपासही नको. त्याचं सरबत बर्फ घातलेल्या बिनदुधाच्या ग्रीन टीत मात्र फक्कड लागतं.

दोन ग्लासांचं साहित्य

स्ट्रॉबेरी २०० ग्रॅम (किंवा एका मोठ्या हापूसचा रस), साखर ३ ते ४ चमचे, मिठाची चिमूट, माचा २ सपाट चमचे म्हणजे साधारण ४ ग्रॅम, थंड दूध ३०० मिली, बर्फ भरपूर. हापूसला साखर लागतच नाही किंवा नावापुरती.

पायरी १: फळाचा पाक, आदल्या रात्री

स्ट्रॉबेरी देठ काढण्याआधी धुवा. आधी देठ काढून धुतली तर ती पाणी पिते. मग चिरून, साखर आणि मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात वीस मिनिटं झाकून ठेवा. फळाला अंगचं पाणी सुटेल. वेगळं पाणी अजिबात घालायचं नाही. मंद गॅसवर ठेवून चमच्याने अधूनमधून ठेचत राहा. सहा-सात मिनिटांत फेस कमी होतो, बुडबुडे मोठे आणि जड व्हायला लागतात आणि पातेल्याच्या बुडावर चमचा ओढला की क्षणभर रेघ राहते. तिथे गॅस बंद करा. मोरांब्याइतकं घट्ट करू नका, गार झाल्यावर ते आणखी आळतं. गार झालं की फ्रीजमध्ये टाका.

शिजवल्याने फळाचा आंबटपणा जात नाही. पण पाक दाट आणि जड होतो, तळाशी बसून राहतो आणि दुधात एकदम मिसळत नाही. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास घसरला की केसीन हे दुधातलं प्रथिन एकत्र येऊन गुठळ्या होतात, पनीर करताना लिंबू पिळतो तेव्हा होतं तेच. स्ट्रॉबेरीचा पीएच ३ ते ३.५, म्हणजे लिंबापेक्षा सौम्य असली तरी दूध बिघडवायला पुरेशी. आपल्या मदतीला थंडी येते. फ्रीजमधल्या दुधात केसीनच्या गुठळ्या सहजासहजी धरत नाहीत. म्हणून पाक, दूध, ग्लास, सगळं थंडगार हवं.

हापूसचा रस शिजवायचा नाही. हाताने पिळून, चाळणीतून गाळून तसाच गार करायचा. महाबळेश्वरहून आणलेली क्रशची बाटली बहुतेक घरांत फ्रीजच्या दारात पडून असते. तीही चालते, पण तिच्यात साखर आणि सायट्रिक ॲसिड दोन्ही असतात. ग्लासाला दोन चमच्यांवर जाऊ नका आणि वरून साखर घालू नका.

पायरी २: पाणी, उकळतं नको

चहा म्हटलं की आपला हात खळखळ उकळण्याकडे जातो. आल्याच्या चहाला ते बरोबर, ग्रीन टीला नाही. पाणी जितकं गरम तितके चहातले कॅटेचिन नावाचे घटक जास्त उतरतात आणि तेच कडू-तुरट लागतात. आपल्याला ७५ ते ८० अंशांचं पाणी हवं. त्यासाठी थर्मामीटर आणायची गरज नाही. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी माठातलं पाणी एकत्र केलं की ८० च्या आसपास येतं. भांड्यात ओतताना आणखी थोडं उतरतं.

पाण्याची चवही बघा. नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी येतं, त्यात ग्रीन टी बरी उतरते. घोडबंदरच्या ज्या सोसायट्यांना बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथे तोच चहा मळकट आणि बेचव होतो. अशा घरी फिल्टरचंच पाणी वापरा.

पायरी ३: माचा फेटणं

माचा बारीक गाळण्यातून चाळून घ्या. ही पायरी बरेच जण टाळतात आणि मग ग्लासात हिरवे दाणे तरंगतात. दमट हवेत पुडीच्या गाठी पटकन होतात आणि एकदा ओल्या झाल्या की फेटून मोडत नाहीत. रुंद वाटीत पूड घेऊन आधी दोन चमचे पाणी घाला आणि चटणीसारखी सरसरीत करा. मग उरलेलं घालून एकूण १०० मिली करा. फेटायला चासेन, म्हणजे माचा घुसळायची बांबूची छोटी रवी असली तर छान, नसली तर बॅटरीवरचा फेस आणणारा छोटा फ्रॉदर. तोही नसेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून हलवा, फक्त पाणी गरम असल्यामुळे झाकण मध्ये एकदा जपून सैल करा, नाहीतर ओट्यावर हिरवा सडा पडेल. वर बारीक फेस आला की झालं.

सुट्या पानांचा लाटे असेल तर दोन ग्लासांना तीन मोठे चमचे पानं, १५० मिली पाणी, तीन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पानं दाबून पिळायची नाहीत. चहा कडक हवा म्हणून पानं वाढवा, वेळ वाढवू नका. हा अर्क पूर्ण गार करा. यात पाणी जास्त असल्याने लाटे पातळ होतो, तेव्हा दूध २०० मिली घ्या आणि त्यात दोन चमचे दूध पावडर गुठळी न राहता कालवा. गाळलेली पानं लगेच फेकू नका, दुसऱ्या पाण्याचा चहा नुसता प्यायला चांगला होतो.

पायरी ४: ग्लास भरणं

यात क्रम बदलायचा नाही. आधी तळाला तीन मोठे चमचे फळाचा पाक. मग काठोकाठ बर्फ. हात आखडता घेतला तर थर टिकत नाहीत. मग दूध, चमच्याच्या पाठीवरून, बर्फावर, सावकाश. १५० मिली दूध खाली उतरलं की पाक तळाशी तसाच दिसायला हवा. शेवटी माचा, तोही बर्फाच्या खड्यावर धार धरून. साखरेमुळे पाक जड, म्हणून तो खाली राहतो. माचाच्या पाण्यात साखर नाही, म्हणून तो वर तरंगतो. माचात साखर घातलीत तर तो खाली उतरून दुधात मिसळेल.

दूध पिशवीचं, फुल क्रीम, तापवून गार केलेलं आणि साय गाळलेलं. सायीचे तुकडे राहिले तर दूध फाटलं असं वाटून माणूस उगाच घाबरतो. दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट घटकांना धरून ठेवतात, त्यामुळे घोट मऊ लागतो. स्किम्ड दुधाने लाटे पाणचट होतो.

फोटो काढायचा तो पटकन काढा, मग तळापासून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटांत संपवा. ढवळल्यावर आंबट फळ आणि दूध एकत्र आलंच, ते फार वेळ थांबणार नाही.

दूध नको असेल तर

दूध आणि आंबट फळ एकत्र हा आयुर्वेदाच्या मते विरुद्ध आहार, आणि पुष्कळ घरांत तो आजही पाळतात. त्यांना नारळाचं दूध आहेच. एका नारळाचं पहिलं दाट दूध काढून त्यात तेवढंच पाणी मिसळा. हापूस, नारळाचं दूध आणि माचा हे त्रिकूट मला कुठल्याही कॅफेतल्या लाटेपेक्षा जास्त आवडतं, आणि त्यात साखर लागत नाही. ओट दूधही चालतं. सोया दूध आंबट फळात लवकर फुटतं, ते स्ट्रॉबेरीबरोबर नको.

पावसाळ्यात गरम लाटेची इच्छा होते. गरम दुधात स्ट्रॉबेरी घालायचा हट्ट करू नका. सफरचंदाच्या फोडी दालचिनीचा तुकडा घालून शिजवा, वाटून गाळा, आणि ६० अंशांच्या आसपास कोमट-गरम दुधात शेवटी मिसळा. उकळी आणली की फाटलंच म्हणून समजा.

हे पेय वजन उतरवणारं नाही. एका ग्लासात दोन चमचे साखर आणि पेलाभर फुल क्रीम दूध आहे, नुसतं हिरवं दिसतं म्हणून ते हलकं होत नाही. माचाची पूड आपण अख्खी पोटात घेतो, त्यामुळे कॅफीनही बऱ्यापैकी जातं. रात्री झोप उडणाऱ्यांनी दुपारीच प्यावा. रक्तात लोह कमी असेल तर जेवणाबरोबर नको, कारण चहातले घटक अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. जेवण आणि लाटे यांत तास-दीड तासाचं अंतर ठेवा.

उरलेला स्ट्रॉबेरीचा पाक काचेच्या कोरड्या बरणीत चार-पाच दिवस फ्रीजमध्ये राहतो. बर्फाच्या साच्यात गोठवला तर महिनाभर. माचाचा डबा उघडल्यावर घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच झाकण उघडू नका. थंड पुडीवर आपल्याकडची दमट हवा लागली की आत दव धरतं. डबा खोलीच्या तापमानाला आला की मग उघडा, लागेल तेवढी पूड कोरड्या चमच्याने काढा आणि दीड-दोन महिन्यांत संपवा.