थेटफर्ड कसं पाहावं: थॉमस पेन आणि दुलीप सिंग यांच्या गावात एक दिवस

इंग्लंडला आलेली आपली मंडळी लंडन, बाथ, स्टोनहेंज, केंब्रिज करून परत जातात. नॉर्फक परगण्यातलं थेटफर्ड कुणाच्या यादीत नसतं. माझ्या मते ते असायला हवं, आणि त्याचं कारण थेट पुण्या-नाशकाशी जोडलेलं आहे. विशीतल्या जोतीराव फुल्यांनी १८४७च्या सुमारास पुण्यात ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, त्या पुस्तकाचा कर्ता थॉमस पेन या गावात जन्मला. आणि पंजाबचे शेवटचे महाराजा दुलीप सिंग, ज्यांच्या आईची समाधी नाशिकला गोदावरीच्या काठी बांधली गेली, त्यांची कबर इथून सहा-सात किलोमीटरवर आहे. गाव लहान आहे, पायी फिरून होतं. फक्त क्रम नीट ठेवला पाहिजे, नाहीतर दोन पुतळे आणि एक टेकडी एवढंच पाहून परत याल.

पहिली पायरी: वार ठरवा, मग तिकीट काढा

मंगळवार किंवा शनिवार निवडा. या दोन दिवशी गावात बाजार भरतो आणि एरवी शांत वाटणारा मधला भाग जागा होतो. रविवार-सोमवार टाळा, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद मिळण्याची शक्यता जास्त. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी नॉर्फक म्युझियम्सच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

थेटफर्ड स्टेशन केंब्रिज–ईली–नॉर्विच या मार्गावर आहे. केंब्रिजहून साधारण पाऊण तास, नॉर्विचहून अर्धा तास. लंडनहून येणाऱ्यांनी केंब्रिजला किंवा ईलीला गाडी बदलायची. स्टेशनपासून गावाचा मध्य दहा-बारा मिनिटांच्या चालीवर आहे, टॅक्सीची गरज नाही. टॅक्सीचे पैसे दुपारसाठी राखून ठेवा.

दुसरी पायरी: सुरुवात एन्शंट हाउसपासूनच करा

बरेच जण आधी पुतळ्यांकडे जातात. तसं करू नका. व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एन्शंट हाउस नावाचं लाकडी सांगाड्याचं घर आहे, तिथे आधी जा. १४९०च्या सुमाराचं हे ट्यूडर काळातलं व्यापाऱ्याचं घर. आत शिरल्यावर आधी मान वर करा: ओकच्या तुळयांवरचं कोरीवकाम बघण्यासारखं आहे. एका व्यापाऱ्याने आपल्या घराच्या छतावर एवढा खर्च का केला असेल, याचा विचार करत दोन मिनिटं तिथेच थांबा. गावाची तेव्हाची ऐपत त्या तुळयांवरून कळते.

हे घर गावाला कुणी दिलं, हे बहुतेकांना माहीत नसतं. राजपुत्र फ्रेडरिक दुलीप सिंग यांनी ते १९२१ मध्ये थेटफर्डला भेट दिलं आणि १९२४ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. फ्रेडरिक हे महाराजा दुलीप सिंगांचे चिरंजीव, महाराजा रणजित सिंगांचे नातू. त्यांना या भागाच्या इतिहासाचा आणि जुन्या इमारतींचा मनापासून नाद होता. ज्या घराण्याचं राज्य, खजिना आणि कोहिनूर इंग्रजांनी घेतला, त्या घराण्यातल्या माणसाने एका इंग्लिश गावाचा वारसा जपला. हे मनात ठेवून पुढचा दिवस काढा, सगळं वेगळं दिसायला लागतं.

आणखी एक गोष्ट चुकवू नका: थेटफर्ड ट्रेझर. १९७९ मध्ये गावाबाहेर गॅलोज हिलवर रोमन काळाच्या अखेरीचा खजिना सापडला, २२ सोन्याच्या अंगठ्या आणि ३३ चांदीचे चमचे त्यात होते. अस्सल वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इथे त्यांच्या प्रतिकृती बघायला मिळतात. त्या चमच्यांवर फॉनस या रानावनाच्या रोमन देवाचं नाव कोरलेलं आहे. साम्राज्याचा धर्म ख्रिस्ती झाला होता, त्या काळात इथे कुणीतरी जुन्या देवाला धरून होतं. लंडनला गेलात तर मग अस्सल वस्तूही पाहून घ्या.

संग्रहालयात बसलेल्या माणसांशी बोला. दुलीप सिंग कुटुंबाबद्दल विचारलंत तर मोकळेपणाने सांगतात, आणि भारतातून कुणी आलंय म्हटल्यावर तर जास्तच.

तिसरी पायरी: पेनचा पुतळा, सावकाश

संग्रहालयातून किंग स्ट्रीटवर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. किंग्ज हाउस या इमारतीसमोर सोन्याचा मुलामा दिलेला पेनचा पुतळा उभा आहे. शिल्पकार सर चार्ल्स व्हीलर, वर्ष १९६४. अमेरिकेतल्या पेनप्रेमींनी तो दिला. तेव्हा गावातल्या काहींना तो नको होता, कारण त्यांच्या लेखी पेन देशद्रोही होता.

पुतळ्याच्या एका हातात लेखणी आहे आणि दुसऱ्या हातात ‘राइट्स ऑफ मॅन’. जवळ जाऊन पुस्तक नीट बघा: ते उलटं धरलेलं आहे. बघणाऱ्याने थांबून विचारावं म्हणून शिल्पकाराने मुद्दाम तसं केलं, असं सांगतात.

पेनचा जन्म जानेवारी १७३७ मधला, जुन्या पंचांगाप्रमाणे २९ तारखेचा. वडील क्वेकर पंथाचे, स्त्रियांचे कॉर्सेट शिवणारे कारागीर. मुलगा गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकला, मग शाळा सोडून वडिलांच्याच धंद्यात बसला. जन्माचं घर आज उरलेलं नाही. ते व्हाइट हार्ट स्ट्रीटच्याच परिसरात होतं, आणि तिथल्या एका हॉटेलला पेनचं नाव आहे. शाळा अजून चालू आहे, पण ती खासगी आहे, बाहेरूनच बघायची.

१७७४ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि १७७६ च्या जानेवारीत ‘कॉमन सेन्स’ लिहून वसाहतींना उघड सांगितलं की राजापासून वेगळे व्हा. ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग १७९१ आणि १७९२ मध्ये आले. जन्माने मिळालेली सत्ता आणि जन्माने मिळालेला मान दोन्ही त्याने नाकारले. इंग्लंडमध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला आणि तो फ्रान्समध्ये असतानाच त्याला दोषी ठरवलं.

आपल्याकडे हे पुस्तक पुण्यात मित्रांच्या गटात वाचलं गेलं. जोतीरावांवर त्याचा खोल ठसा उमटला, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. सगळं श्रेय एका पुस्तकाला देणं चूक ठरेल, पुण्यातला अनुभव जोतीरावांचा स्वतःचा होता आणि तो फार कडू होता. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरवू नये, हे त्यांना छापील शब्दांत सांगणारा माणूस या गावातल्या कारागिराचा मुलगा होता. मुलं बरोबर असतील तर इथे उभं राहून त्यांना फुल्यांची गोष्ट सांगा. मला तरी यापेक्षा योग्य जागा इंग्लंडमध्ये माहीत नाही.

चौथी पायरी: नदीकाठाने बटन आयलंड आणि टेकडी

थेटफर्डमध्ये थेट आणि लिटल ऊझ या दोन नद्या मिळतात. किंग स्ट्रीटवरून पाण्याकडे उतरा. बीबीसीच्या एका जुन्या विनोदी मालिकेचं चित्रीकरण या गावात झालं होतं, त्यातल्या कॅप्टनचा पुतळा नदीजवळ बाकावर बसवलेला आहे. इंग्लिश पर्यटक तिथे हमखास फोटो काढतात. आपण पुढे बटन आयलंडवर जायचं.

या छोट्या बेटावर घोड्यावर बसलेल्या महाराजा दुलीप सिंगांचा ब्राँझचा पुतळा आहे. शिल्पकार डेनिस डटन, अनावरण १९९९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते. आजूबाजूला झाडी, पाणी, बसायला जागा. डबा आणला असेल तर जेवायला हीच जागा चांगली. नाहीतर बाजाराच्या दिवशी गावातच खायला मिळतं. गावात पोर्तुगीज भाषक मोठ्या संख्येने राहतात, त्यामुळे पोर्तुगीज पद्धतीचं काही दिसलं तर खाऊन बघा.

मग कॅसल हिल. हा मातीचा उंचवटा नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर रचला. उंची २० मीटरच्या आसपास, आणि अशा किल्ल्यांच्या उंचवट्यांत तो इंग्लंडमधल्या सर्वांत उंचांपैकी एक. भोवतीचे तट त्याहूनही जुने, लोहयुगातले. वरचा किल्ला बाराव्या शतकातच पाडला गेला. पायऱ्यांनी वर जाता येतं, पण चढ उभा आहे. आई-वडील भारतातून आले असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना खाली हिरवळीवर बसू द्या.

पाचवी पायरी: दुपारी एल्व्हडन

दुलीप सिंगांची कबर एल्व्हडन या शेजारच्या गावात आहे. तिथे जायला टॅक्सी किंवा गाडी लागते. परतीच्या टॅक्सीची वेळ जातानाच ठरवून घ्या, छोट्या गावात ती आयत्या वेळी मिळेलच असं नाही. पायी जायचा विचार करू नका, मधला रस्ता चालण्यासारखा नाही.

दुलीप सिंग दहा वर्षांचे असताना, १८४९ मध्ये, पंजाब इंग्रजांनी खालसा केला. आईला त्याआधीच त्यांच्यापासून दूर नेलं होतं. १८५४ मध्ये ते इंग्लंडला आले. महाराणी जिंद कौर आणि मुलगा यांची पुन्हा भेट झाली ती १८६१ मध्ये, कलकत्त्यात. मुलगा आईला घेऊन इंग्लंडला परतला, पण दोनच वर्षांनी, १ ऑगस्ट १८६३ला, ती लंडनमध्ये वारली. त्याच वर्षी एल्व्हडनची जमीनदारी त्यांच्या हाती आली. आईचं शव घेऊन ते भारतात आले, तेव्हा पंजाबात जायची परवानगी मिळाली नाही. म्हणून अंत्यसंस्कार मुंबई इलाख्यात झाले आणि नाशिकला गोदाकाठी छोटी समाधी बांधली. पुढे जिंद कौर यांची नात बांबा हिने १९२४ मध्ये अस्थी लाहोरला नेल्या.

एल्व्हडन हॉल महाराजांनी नव्याने बांधून घेतला, आतून मोगल धाटणीची सजावट करून. तो आज खासगी मालकीचा आहे, आत जाता येत नाही. कुंपणाशी रेंगाळू नका, सरळ सेंट अँड्र्यू आणि सेंट पॅट्रिक चर्चच्या आवारात जा. तिथे तीन कबरी शेजारी-शेजारी आहेत: दुलीप सिंग, पत्नी बांबा (मुलीचंही नाव हेच) आणि लहान वयात गेलेला मुलगा एडवर्ड. महाराज २२ ऑक्टोबर १८९३ला पॅरिसमध्ये वारले. त्याआधी, १८८६ मध्ये, ते एडनला ख्रिस्ती धर्म सोडून पुन्हा शीख झाले होते, तरी दफन इथे ख्रिस्ती पद्धतीने झालं. जगभरातले शीख इथे दर्शनाला येतात. कुणी प्रार्थना करत असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि थोडं लांब उभे राहा. चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ असेल तर आत शिरू नका, आवारातूनच बघा.

सहावी पायरी: स्टेशनला जाताना प्रायरी

गावात परत आल्यावर स्टेशनच्या बाजूला प्रायरीचे अवशेष आहेत. रॉजर बायगॉड या नॉर्मन सरदाराने ११०३-०४च्या सुमारास क्लूनी पंथाच्या मठवासीयांसाठी हा मठ स्थापन केला, १५४०ला आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद झाला. तासलेला दगड लोकांनी काढून नेला, आतली गारगोटीची भिंत तेवढी उरली. प्रवेश मोफत, वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

जवळपास राहत असाल तर

केंब्रिज किंवा नॉर्विचला राहणाऱ्यांनी एका फेरीवर थांबू नये. दर सप्टेंबरमध्ये देशभर हेरिटेज ओपन डेज असतात, एरवी बंद असलेल्या वास्तू तेव्हा मोफत बघता येतात. थेटफर्डमध्ये काय उघडणार ते आधी पाहून ठेवा. मुलांसाठी ग्राइम्स ग्रेव्ह्ज ही गारगोटीची नवाश्मयुगीन खाण वायव्येला दहा-बारा किलोमीटरवर आहे, तिथे जमिनीखाली उतरता येतं. हिवाळ्यात ती बंद असते. पक्षी बघायची आवड असेल तर ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीचं मुख्यालय गावातच नन्नरी नावाच्या जागेत आहे, शेजारच्या तळ्यांकाठी मोफत फिरता येतं. वाचायचं असेल तर गावचं सार्वजनिक वाचनालय आहे, सभासदत्व फुकट आहे. तिथे स्थानिक इतिहासाचं कपाट कुठे आहे, ते आधी विचारा. दुलीप सिंग कुटुंबाच्या कागदपत्रांत खोल शिरायचं असेल तर नॉर्विचच्या नॉर्फक रेकॉर्ड ऑफिसला आधी ईमेल करा, काय हवंय ते नेमकं लिहा आणि मगच जा.