टॉरी पाइन्सला गोल्फ खेळायला जाताय? आधी एवढं बघून घ्या

मुलाकडे नाहीतर बहिणीकडे सॅन दिएगोला येणार असाल आणि गोल्फ खेळत असाल, तर विमानाचं तिकीट काढलं की लगेच टॉरी पाइन्स या गोल्फ कोर्सच्या टी टाइमचं (खेळ सुरू करायच्या राखीव वेळेचं) बघा, इथे आल्यावर बघू म्हणालात तर हमखास राहून जातं. कोर्स शहराच्या महापालिकेचा आहे, मेंबरशिप लागत नाही, 2008 ला टायगर वुड्सने पायाचं हाड मोडलेलं असताना यूएस ओपन जिंकली ती इथेच, आणि त्याच गवतावर तुम्ही आम्ही पैसे भरून खेळू शकतो, मला तर अजूनही याचं फार अप्रूप वाटतं. शहराबाहेरच्यांना 90 दिवस आधीपर्यंत बुकिंग करता येतं, त्याची वेगळी फी पडते. मुलाकडे रहिवासी कार्ड असेल तर स्वस्तात होईल असं धरून चालू नका, ज्याच्या नावावर कार्ड त्यालाच ती सवलत. जानेवारीच्या शेवटाकडे प्रो टूर्नामेंट असते, त्या दिवसांत येणार असाल तर तारखा आधीच तपासा.

मग साउथ की नॉर्थ, इथे हे दोन कोर्स आहेत. सगळ्यांना साउथच हवा असतो, पण तो मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) 7,700 यार्डांच्या आसपास जातो आणि रफमधलं (कडेच्या वाढू दिलेल्या भागातलं) किकुयू गवत इतकं चिवट की बॉल खाली बसला की क्लब अडकतोच. हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) वीसच्या वर असेल तर माझं ऐका, पहिल्यांदा नॉर्थ खेळा, समुद्र तिथूनही दिसतो आणि राउंड आनंदात होतो. साउथच हवा असेल तर पुढच्या टीवरून खेळा, त्यात कमीपणा काही नाही. साउथचं तिसरं होल पार 3 (तीन फटक्यांत पुरं करायचं) आहे, उतारावर, समोर थेट पॅसिफिक, तिथे फोटो काढायचाच, फक्त मागचा ग्रुप ताटकळणार नाही एवढं बघा.

कपड्यांचं म्हणाल तर कॅलिफोर्निया म्हणजे ऊन असं समजून नुसत्या टीशर्टवर येऊ नका. मे-जूनमध्ये समुद्रावरून ढग येतात आणि सकाळभर हटत नाहीत, पहिल्या टीवर चक्क हुडहुडी भरते, आणि अकरानंतर ऊन लागायला लागतं. विंडचीटर, टोपी, सनस्क्रीन तिन्ही घ्या, दव असतं म्हणून जादा मोजे पण. चालत खेळणार असाल तर बॅग हलकी ठेवा, नियमाने 14 क्लब चालतात पण 14 न्यायलाच पाहिजेत असं कुठे आहे! राउंडला पाच तास धरा, पाणी आणि खायला काहीतरी बरोबर असू दे, आमच्या बॅगेत शेंगदाण्याची चिक्की असतेच.

वेळेच्या तासभर आधी पोचा आणि त्यातला अर्धा वेळ सरावाच्या पटिंग ग्रीनवर घालवा, कारण इथले ग्रीन (होलच्या खड्ड्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत) डोळ्याला फसवतात, नेहमी खेळणारे सांगतात की पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) समुद्राच्या बाजूला ओढला जातो. कोर्सवर ज्या झाडांवरून नाव पडलं ते टॉरी पाइन बघून ठेवा, एका झुबक्यात पाच सुया असतात, हे झाड आपोआप उगवतं ते फक्त या किनाऱ्यावर आणि सांता रोझा बेटावर.

आणि बॉल जास्तीचे घ्या. साउथच्या अठराव्या ग्रीनसमोर तळं आहे, 1975 च्या स्पर्धेत ब्रूस डेव्हलिनसारख्या प्रोने त्या एका होलला 10 फटके घेतले होते, म्हणून तळ्याच्या अलीकडे थांबून खेळायला तुमचा भरवशाचा वेज (जवळचा उंच फटका मारायचा क्लब) बॅगेत आहे ना ते आदल्या रात्रीच बघा.