ठिबक संचाच्या आम्ल प्रक्रियेआधी आम्लाची पारख

पावसाळ्यात बंद राहिलेला ठिबक संच रब्बीच्या पिकांसाठी आणि ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागांसाठी पुन्हा सुरू करण्याचे दिवस आले आहेत. उन्हाळ्यात विहिरीच्या जड पाण्याने तोट्यांत साचवलेले क्षार चार महिन्यांत वाळून घट्ट झालेले असतात आणि ते काढण्यासाठी आम्ल प्रक्रिया केली जाते. मात्र आपल्या तोटीत अडकले आहे ते आम्लाने निघणारे आहे का, आणि कॅनमध्ये आहे ते नेमके कोणते आम्ल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय कॅनचे झाकण उघडू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बंद पडलेली एक तोटी कापून आतला पांढरा थर बशीत खरवडून घ्यावा आणि त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. थर फसफसला तर तो कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा आहे. आम्लामुळे त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थर विरघळतो. न फसफसणारा बुळबुळीत थर शेवाळाचा किंवा जिवाणूंचा असतो आणि त्यासाठी क्लोरीन प्रक्रिया करावी लागते. गाळ अडकला असेल तर आधी फिल्टर तपासावा.

दुसऱ्या प्रश्नाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, कारण कॅनवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याची आपल्याला सवय आहे. सुटे आम्ल जुन्या कॅनमध्ये भरून मिळत असेल तर त्या चिठ्ठीला काहीच अर्थ उरत नाही. सर्वांत सुरक्षित पारख तराजूवर होते: सुमारे 33 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे एक लिटर जवळपास 1.16 किलो भरते, 85 टक्के फॉस्फरिकचे जवळपास 1.7 किलो, तर 98 टक्के सल्फ्युरिकचे 1.84 किलो. म्हणजे पाच लिटरचा कॅन रिकाम्या कॅनचे वजन वजा जाता नऊ किलोंच्या वर भरला, तर तो हायड्रोक्लोरिकचा असूच शकत नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल उघड्या हवेत धुरते आणि त्याचा वास नाकाला झोंबतो, पण वासावरून ओळखण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. शंका उरल्यास नमुना जवळच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत द्यावा. तेथे आम्ल ऊर्ध्वपातित पाण्यात पातळ करून त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकतात. दह्यासारखा पांढरा साका (पाण्यात न विरघळता वेगळा होणारा पदार्थ) आला आणि तो अमोनियात विरघळला, तर ते हायड्रोक्लोरिक होय. सल्फ्युरिक आम्ल बेरियम क्लोराइडबरोबर पांढरा साका देते आणि तो इतर आम्लांतही विरघळत नाही. ही चाचणी विहिरीच्या पाण्यात करून उपयोग नाही, कारण त्या पाण्यातच क्लोराइड आणि सल्फेट असतात.

हा फरक शेतावर महत्त्वाचा ठरतो, कारण कॅल्शियम जास्त असलेल्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल वापरले तर जिप्सम तयार होऊन तोट्या नव्याने बंद होऊ शकतात.

आता मात्रेविषयी. निळा लिटमस कागद आम्लात लाल होतो, एवढे शाळेत शिकलेले असते, आणि म्हणून अनेक जण लिटमसचीच पुडी घेऊन येतात. पण सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) साधारण 5 च्या खाली गेला की लिटमस लाल होतो आणि पुढे तसाच राहतो, तर आपल्याला शेवटच्या तोटीतून निघणाऱ्या पाण्याचा सामू 4 च्या आसपास हवा असतो. तेवढे अचूक कळण्यासाठी रंगांची पट्टी असलेला सामू कागद किंवा सामू मीटरच लागतो. पाण्यात क्लोरीन असेल तर कागदाचा रंगच उडतो, हेही ध्यानात ठेवावे.

बादलीत आपल्याच विहिरीचे 10 लिटर पाणी घेऊन त्यात एकेक मिलिलिटर आम्ल टाकत, ढवळत, दर वेळी सामू पाहावा. समजा 6 मिलिलिटरला सामू 4 झाला आणि संचाचा प्रवाह ताशी 5,000 लिटर आहे, तर 15 मिनिटांत जाणाऱ्या 1,250 लिटर पाण्यासाठी 750 मिलिलिटर आम्ल लागेल. शेजाऱ्याच्या विहिरीचे प्रमाण आपल्याला चालत नाही, कारण पाण्यातील बायकार्बोनेट आधी आम्ल खाऊन टाकते आणि त्यानंतरच सामू उतरू लागतो.

आम्ल सोडताना ते नेहमी प्लास्टिकच्या पिंपातील पाण्यात हळूहळू ओतावे. आम्लावर पाणी ओतल्यास ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि थेंब उडालाच तर ती जागा भरपूर वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटे धुवावी. ब्लिचिंग पावडर आणि आम्ल एकाच पिंपात किंवा एकाच वेळी संचात कदापि जाऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शेवटच्या तोटीपाशी सामू 4 दिसल्यावर पंप बंद करून संच 24 तास तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशी आधी सबमेनचे (उपमुख्य नळीचे) फ्लश व्हॉल्व्ह, मग लॅटरलची (तोट्या असलेल्या बारीक नळ्यांची) टोके उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत आणि सामू कागदाचा रंग विहिरीच्या पाण्याइतका दिसेपर्यंत संच धुऊन काढावा.