डीमनच्या टेस्ट लिहायला बसण्याआधी

सगळ्यात आधी डीमन (मागे राहून सतत चालणारा प्रोग्राम) फोरग्राउंडला, म्हणजे मागे न जाता समोरच, चालवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर पहिलं काम तेच. दोनदा फोर्क करून (स्वतःची प्रत काढून) डीमन मागे गेला की टेस्टच्या हाती उरतो तो कधीच संपलेल्या प्रोसेसचा पीआयडी (ओळख क्रमांक), मग सिग्नल पाठवायचा कुणाला? मागे जाण्याच्या कोडसाठी एखादी वेगळी टेस्ट पुरे.

प्रत्येक टेस्टला स्वतःची तात्पुरती डिरेक्टरी हवी. कॉन्फिग, पीआयडी फाइल, लॉग, सॉकेट (डीमनशी बोलायची फाइल), सगळं तिच्यातच. तिचा पाथ आखूड ठेवा: युनिक्स सॉकेटच्या पाथला लिनक्सवर १०८ बाइट मिळतात, मॅकवर १०४. टेस्टच्या लांबलचक नावावरून डिरेक्टरी बनली की बाइंड (सॉकेट त्या पाथला जोडणं) फसतं आणि खापर डीमनवर फुटतं. टीसीपी असेल तर पोर्ट ० द्या, कर्नल मोकळा पोर्ट देईल आणि डीमनने तो फाइलमध्ये लिहावा. आधी मोकळा पोर्ट शोधून मग डीमनला सांगायला गेलात, तर तेवढ्यात शेजारची टेस्ट तो पटकावते.

डीमन तयार झाला हे ओळखायला ‘स्लीप ५’ (५ सेकंद नुसतं थांबणं) नको. दर ५० मिलिसेकंदांनी जोडणी करून बघा, कमाल १० सेकंद. प्रत्येक फेरीत प्रोसेस जिवंत आहे ना हेही तपासा, नाहीतर कॉन्फिगमधली साधी चूक ‘टाइमआउट’ म्हणून समोर येते.

आउटपुट पाइपमध्ये घेत असाल तर तो वाचत राहा. लिनक्सवर पाइपमध्ये एरवी ६४ किलोबाइट मावतात. तो भरला की डीमन लिहिता लिहिता अडकतो, तेही भरपूर लॉग टाकणाऱ्या टेस्टमध्येच. थेट फाइलमध्ये वळवलेलं बरं.

खरी गोची थांबवण्यात आहे. सिगटर्म (थांबायला सांगणारा सिग्नल) पाठवा, ५ सेकंद वाट बघा, एक्झिट कोड ० आहे का बघा. सिगकिल (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) आवराआवरीसाठी ठेवा, पण ते वापरावं लागलं तर टेस्ट नापासच. प्रोसेस मेली का हे सिग्नल ० (प्रोसेस आहे का एवढंच तपासणारा) पाठवून ठरवू नका. तुमच्याच टेस्टने वेटपिड (संपलेल्या प्रोसेसचा निकाल उचलणं) केलं नसेल तर मेलेली प्रोसेस झॉम्बी होऊन टेबलात राहते, सिग्नल ० बिनबोभाट यशस्वी होतो आणि ‘डीमन मरतच नाही’ म्हणून दिवस वाया जातो. डीमन वेगळ्या प्रोसेस ग्रुपमध्ये सुरू करा, म्हणजे डीमनने सुरू केलेल्या वर्कर प्रोसेसांसकट सगळा ग्रुप एका फटक्यात आवरता येतो.

दोन प्रसंग हटकून लिहा. चुकीचं कॉन्फिग ठेवून सिगहप (कॉन्फिग पुन्हा वाचायला सांगणारा सिग्नल): जुनं कॉन्फिग चालू राहिलं पाहिजे, पीआयडीही तोच. दुसरा, सिगकिलनंतर पुन्हा सुरुवात: जुनी सॉकेट फाइल तशीच पडलेली असते आणि ती न काढणारा डीमन ‘पत्ता आधीच वापरात’ म्हणून उठतच नाही.

दर तासाच्या कामांसाठी दोन फेऱ्यांमधलं अंतर कॉन्फिगमधून घ्या, टेस्टमध्ये १०० मिलिसेकंद. नापास टेस्टची डिरेक्टरी मात्र पुसू नका, लॉग तिथेच आहे.