उनोचाच केला प्रोग्रामर

एटीटायनी८५ ही आठ पायांची चिप स्वस्त, पण तिच्यात प्रोग्राम घालायला प्रोग्रामर नावाचं वेगळं उपकरण लागतं. घरात आर्डुइनो उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पडून होता. आर्डुइनोचे प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमधलं, म्हणजे आयडीईच्या उदाहरणांतलं 'आर्डुइनोआयएसपी' स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) त्यावर चढवलं की तोच प्रोग्रामर होतो, मग विकत कशाला आणायचा?

जोडणी सोपी. उनोची पिन १० चिपच्या पाय १ ला, म्हणजे रीसेटला. ११, १२, १३ अनुक्रमे पाय ५, ६, ७ ला. ५ व्होल्ट पाय ८ ला, ग्राउंड पाय ४ ला. पाय १ जवळ बारीक ठिपका असतो, तो उजेडात तिरका धरून बघावा.

तरी एव्हीआरड्यूड, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम घालणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर, "नॉट इन सिंक" म्हणत बसलं. वायरी ठीकच होत्या. खरी गोम अशी की कॉम्प्युटरने सिरियल पोर्ट उघडला की उनो आपोआप रीसेट होतो, त्याचा बूटलोडर (नवीन स्केच उतरवून घेणारा आतला छोटा प्रोग्राम) जागा होतो आणि स्केचसाठी आलेल्या आज्ञा मध्येच गिळतो. उनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, धन टोक रीसेटकडे. हा कपॅसिटर उनोवर स्केच चढवून झाल्यावरच लावायचा, नाहीतर स्केचच चढणार नाही. लगेच चिपची सही, म्हणजे तिचा ओळख-क्रमांक, दिसली: १ई ९३ ०बी. (सगळी शून्यं आली तर मात्र वायरीच तपासा.)

मग चिपमध्ये एलईडी लुकलुकवायचं स्केच घातलं. पण एलईडी एका सेकंदाऐवजी आठ सेकंदांनी लुकलुकायला लागला! कोरी चिप १ मेगाहर्ट्झवर चालते, आयडीईत ८ निवडलेले होते. आयडीईतलं "बर्न बूटलोडर" एकदा दाबलं. नाव काहीही असो, या चिपवर ते फ्यूज, म्हणजे वेगासारख्या चिपच्या आतल्या सेटिंग्ज, बदलण्यापुरतंच. आता हे सगळं झिरो पीसीबीवर (नुसती भोकं असलेल्या कोऱ्या सर्किट बोर्डवर), सॉकेटसकट, डाग देऊन बसवतोय.