पावसाळाभर उभ्या गाडीचा कार्बोरेटर साफ करताना
मालवण-रत्नागिरीकडे पावसाळाभर उभी राहिली की कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) मारुती ८०० स्टार्टच घेत नाही, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन थंड असू दे, काम अंगणातच करा, जवळ चूल किंवा बंब पेटलेला नको. कार्बोरेटर उघडल्यावर बाऊलच्या (पेट्रोल साठतं त्या वाटीच्या) तळाला पांढरट भुकटी दिसली तर कार्ब क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा, पण रबरला क्लीनर लागू देऊ नका. जेट (बारीक भोकाचा तुकडा, ज्यातून पेट्रोल जातं) मात्र तारेने अजिबात टोचू नका प्लीज, भोक जरासं मोठं झालं तरी पेट्रोल-हवेचं मिक्श्चर बिघडतं, हवाच मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. परत जोडताना गॅस्केट (जोडातली सील) नवीनच, पेट्रोल फिल्टर त्यावरच्या बाणाच्या दिशेने, चिरलेले पाइप बदलाच.